नाव नाही, पाय काढले

फार फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा सावरखेडीला वेस होती, वेशीला दार होतं आणि दाराला कडी होती. आता दार गेलं, कडीही गेली, वेशीच्या दोन भिंती तेवढ्या उभ्या आहेत. बाहेरगावचा माणूस आला की विचारतो, या भिंतींवर हे काय काय काढून ठेवलंय, आणि कुणी पुसत कसं नाही? मग आम्ही एकमेकांकडे बघतो. तशी आम्हाला गावच्या गोष्टी सांगायची भारी हौस. वाघाची सांगू, महापुराची सांगू, जत्रेतल्या कुस्तीची तर न विचारता सांगू. ही गोष्ट मात्र आपण होऊन कुणी सांगत नाही. तुम्ही विचारलीत म्हणून सांगतो. मध्येच मी खाली बघून पुटपुटायला लागलो तर रागावू नका. ही गोष्ट सांगताना सगळ्यांचंच तसं होतं.

तर त्या काळी गावात झुंबरबाई नावाची एक बाई होती. लग्नघराच्या भिंतीवर चित्रं काढणं हा तिचा धंदा. पांढऱ्या मातीनं सारवलेली भिंत, मडक्यात कालवलेला गेरू आणि टोक चेचून केलेली शिंदीची काडी, एवढं मिळालं की बाईला तहानभूक राहत नसे. दाराच्या दोन बाजूंना दोन हत्ती, हत्तींच्या मागं भालदार-चोपदार, वर मोर आणि पोपट. असं म्हणतात की तिनं काढलेले पोपट बघून रानातले पोपट चुकून भिंतीवर येऊन बसायचे आणि चोची आपटून परत जायचे. असंही म्हणतात की पावसाचं आभाळ आलं की भिंतीवरचे मोर मान फिरवून बघायचे. मी काही ते मोर बघितले नाहीत, पण ज्यांनी सांगितलं ती माणसं खोटं बोलणारी नव्हती.

झुंबरबाईचा नवरा लवकर गेला होता. त्यामुळं रीत अशी पडली होती की भिंत रंगवायला ती हवी, पण दारात मांडव घातला की तिनं काडी आणि मडकं उचलायचं आणि मागच्या दारानं घरी जायचं. जेवण तिच्या घरी पाठवलं जायचं. तिनं काढलेल्या हत्तींच्या पुढं नवरानवरी उभी राहायची, लोक हत्तींचं कौतुक करायचे, आणि हत्ती काढणारी आपल्या घरात एकटी जेवत बसायची. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. बहुतेक तिलाही वाटत नसावं, सवयीचं झालं होतं.

तिच्या शेजारी, वेशीला लागूनच्या घरात, गावची सुईण राहायची. वयानं म्हातारी, तोंडानं फटकळ, हातानं मऊ. त्या वेळी गावात चालतं-बोलतं जेवढं माणूस होतं, त्यातलं बहुतेक तिच्याच हातात पहिल्यांदा रडलं होतं. तिच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. एकदा अडलेल्या बाळंतिणीकडं धावत जाताना बैलगाडीचं चाक तिच्या पायावरून गेलं. म्हातारीनं पायाला चिंधी गुंडाळली आणि तशीच पुढं गेली. बाळ सुखरूप झालं, करंगळी गेली. तेच बाळ मोठं होऊन गावचे रावजी पाटील झालं. चिखलाच्या दिवसांत कुणाच्या अंगणात चार बोटांचा डावा पाय उमटलेला दिसला, की शेजारणी समजायच्या, या घरात आता पाळणा टांगणार. मग त्या चिखलावर कुणी पाय देत नसत. एवढा त्या पायाचा मान होता.

मग एका वर्षी गावात पटकी आली.

पटकीनं लहानथोर बघितलं नाही. पाटलाच्या घरी तर नुकताच नातू झालेला, बारशाचं गोड तोंडातून जाईपर्यंत ते लेकरू गेलं. दुःख झालं की माणूस कारण शोधतो, आणि कारण सापडलं नाही की माणूस शोधतो. कुणीतरी म्हणालं, पटकी घरोघर कोण घेऊन हिंडतं? सगळ्यांच्या घरात कोण जातं? बस, एवढं पुरलं. पहिल्यांदा कोण म्हणालं ते आजही गावात कुणाला ठाऊक नाही. प्रत्येक घरात सांगतात, आमच्यातलं कुणी नव्हतं.

गाव खंडोबाच्या देवळात जमलं. सगळ्यांनी बेल-भंडार उचलला. तेव्हा बेल आणि भंडारा हातात घेऊन बोललेला शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. रावजी पाटलांनी शब्द सांगितले आणि सगळ्यांनी त्यांच्यामागून म्हटले, "आजपासून तिचं नाव काढायचं नाही. जो काढील त्याच्या घरात दिवा लावायला कुणी उरू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीला गावाच्या एका टोकापासून वेशीपर्यंत चालवलं. प्रत्येक दारात घरातली माणसं उभी होती, आणि प्रत्येक दारातून एकच शब्द आला. "नीघ." तिच्या हातात जन्मलेल्या बाप्यांनी म्हटला, तिनं सोडवलेल्या बायांनी म्हटला. झुंबरबाईच्या दारातूनही आला. म्हातारी सगळ्यांकडं बघत गेली. ती रडली नाही की तिनं शिव्या दिल्या नाहीत, नाहीतर तिचं तोंड काही साधं नव्हतं. वेशीबाहेर पडल्यावर तिच्यामागं कडी लागली.

पोपट-मोरांचं मी 'असं म्हणतात' म्हणून सांगितलं. इथं मला तसं म्हणून सुटता येत नाही. हे असं झालं.

पुढं पटकी गेली. म्हातारी गेली म्हणून गेली, की पाऊस झाला, विहिरी भरल्या आणि पाणी पालटलं म्हणून गेली, ते खंडोबाला माहीत. गावाची मात्र खात्री झाली. आपण केलं ते बरंच केलं, असं लोक एकमेकांना सांगायचे. सारखं सांगायचे. सारखं सांगावं लागत होतं, यावरून काय ते समजा.

म्हातारी लांब गेलीच नव्हती. कुठं जाणार? पटकीच्या गावातून हाकललेली बाई म्हटल्यावर पुढच्या गावांनीही आपापली दारं लावून घेतली. ती परत फिरली आणि सावरखेडीच्या शिवेपलीकडं, म्हसोबाच्या दगडापाशी चिंचेचं झाड होतं, त्याच्याखाली येऊन बसली. शिवेच्या अलीकडं पाय टाकला नाही. तिला ते सहज जमलं असतं, पण तिनं टाकला नाही.

ही खबर आणली राणू धनगरानं. त्याची मेंढरं त्या बाजूला चरायची. त्यानं झुंबरबाईच्या दारात काठी टेकवली आणि सांगितलं, "चिंचेखाली म्हातारी तापानं फणफणलीय. पानी दिलं तर पिती, भाकर न्हाई खात. लई दिस काढंल असं वाटत न्हाई."

झुंबरबाई पेज घेऊन गेली. म्हातारी झाडाला टेकून बसली होती, अंग तव्यासारखं तापलेलं.

"चल घरी," झुंबरबाई म्हणाली.

"कुणाच्या?"

"माझ्या."

"तुझ्या दारातनंबी 'नीघ' आलं होतं, झुंबरे. हळू आलं, पर आलं."

झुंबरबाईला मान वर करता येईना. पेजेची वाटी हातातच राहिली.

"तुझा एकटीचा राग न्हाई मला," म्हातारी म्हणाली. "समद्या गावानं नीघ म्हटलं. समद्या गावानं शिवंवर यावं, माझं नाव घिऊन 'ये' म्हनावं. म्हंजी येते. तुझ्यावानी मागल्या दारानं जायची मला सवय न्हाई."

झुंबरबाई तशीच पाटलांकडं गेली. म्हणाली, "पाटील, ती चिंचेखाली पडलीय."

रावजी पाटील अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांनी विचारलं, "ती कोण?"

आता कोण म्हणून सांगणार? नाव काढायचं नाही, भंडारा उचललेला. झुंबरबाई म्हणाली, "ती हो. शेजारची माझ्या."

"शेजारची कोण?"

ती दुसऱ्या दारात गेली, तिसऱ्या दारात गेली. सगळीकडं तेच. "कोण गं?" "कुणाबद्दल बोलतीस?" सगळ्यांना कळत होतं आणि कुणालाच कळत नव्हतं. भंडारा उचलला होता तो नाव न काढण्यासाठी, पण गावाला त्याचा दुसराच उपयोग सापडला. नाव नाही म्हटल्यावर माणूसच नाही, आणि माणूसच नाही म्हटल्यावर त्याला ताप कुठला? झुंबरबाई सगळं गाव फिरून आपल्या घरी आली आणि गेरूच्या मडक्याशेजारी बसून राहिली.

दिवस भाद्रपदाचे होते. गौरी यायच्या होत्या. आमच्याकडं गौरी आणायला बाया नदीवर जातात. तेरड्याची रोपं आणि नदीतले खडे धुऊन घेतात, नवं कापड पांघरून ते हातावर घेतात, आणि वाजतगाजत घरी येतात. उंबऱ्यापासून आतपर्यंत गौराईची पावलं काढलेली असतात, त्या पावलांवरून तिला आत न्यायची. त्या दिवशी दुपारी झाडून सगळं गाव नदीवर गेलं. बाया गौरीसाठी गेल्या, बाप्ये वाजंत्र्यांबरोबर, म्हातारे बघायला. विधवेला कुणी चल म्हणणार नव्हतं. गावात झुंबरबाई एकटी उरली, आणि सगळ्या भिंती उरल्या.

तिनं मडक्यात गेरू कालवला आणि आपल्याच दारापासून सुरुवात केली. गल्लीत घोट्याएवढा चिखल, जमिनीवर काही काढायची सोय नव्हती. म्हणून तिनं भिंतीवर पावलं काढली. उंबऱ्यापासून निघालेली, ओट्यावरून उतरलेली, मग भिंतीवरून ओळीनं चालत गेलेली. आपलं घर झाल्यावर पुढचं घर, मग त्याच्या पुढचं. एवढा गेरू तिच्याजवळ नव्हता. पण असं म्हणतात की त्या दिवशी मडकं रितं झालंच नाही. खालून झरा लागावा तसा गेरू वर येत राहिला. असंही म्हणतात की मध्येच तिची काडी मोडली, तेव्हा तिनं बोटांनी काढली, बोटं सोलली तेव्हा तळहातानं काढली. सगळ्या गल्ल्यांमधून सगळ्या घरांची पावलं वेशीपाशी आली, आणि वेशीच्या मोठ्या भिंतीवर त्यांची मिळून एकच जोडी झाली, माणसाएवढी उंच. तिच्याखाली झुंबरबाई बसली. हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते.

बाया नदीवरून आल्या. सगळ्यांत पुढं पाटलीणबाई, बायजाबाई, हातावर गौर घेऊन. पटकीत नातू गेला होता तो त्यांचाच. मागून बाया विचारत होत्या, गौराई कशाच्या पावलांनी आली? पुढच्या बाया सांगत होत्या, सोन्याच्या पावलांनी आली. हे असं म्हणत म्हणत वेशीतून आत आल्या, तो सगळं गाव पावलांनी भरलेलं. एवढी पावलं कुणी कधी बघितली नव्हती. भिंतीखाली बसलेल्या झुंबरबाईकडं कुणाचं लक्षच गेलं नाही. बायांना वाटलं, गौराई आपल्या आधीच येऊन गेली. घरोघरी, भिंती-भिंतीवरून हिंडून गेली. एकच आनंद झाला. वाजंत्री जोरात वाजायला लागली. तबकातलं हळदकुंकू घेऊन बाया धावल्या आणि त्या पावलांना लावत सुटल्या. काही जणींनी डोकं टेकवलं. कुणी पावलांवर डोळ्यांतलं पाणी पुसलं. ज्या पायांना त्यांनी हाकललं होतं, त्याच पायांची त्या पूजा करत होत्या.

बायजाबाई आपल्या दारात पोचल्या, गौर आत न्यायला पाय उचलला, आणि थांबल्या. त्यांची चुलत सासू मागं होती. ती म्हणाली, "का थांबलीस?"

"आत्याबाई, बोटं कुनीकडं हायेत बघा."

बोटं रस्त्याकडं होती. टाचा घराकडं. गौराईची पावलं आत येतात. ही पावलं बाहेर जात होती, आणि एका घरातून नाही, सगळ्यांच्या घरातून. बाहेर जाणाऱ्या पावलांवर पाय ठेवून गौर आत कशी न्यायची? सगळ्या बाया आपापल्या दारात गौर हातावर घेऊन उभ्या राहिल्या. वाजंत्री एकेक करून थांबली. मग कुणीतरी वाकून नीट बघितलं. डाव्या पायाला चारच बोटं होती.

बोलायला नावच नव्हतं. पण त्या दिवशी गावात कुणीही विचारलं नाही, कोण गं म्हणून.

रावजी पाटील वेशीपाशी आले. चार माणसं बरोबर होती. झुंबरबाई उठून उभी राहिली.

"झुंबरे, भंडाऱ्याला हात लावला होतास ना?"

"लावला होता."

"मग नाव का काढलंस?"

"नाव कुठं काढलं, पाटील? पाय काढले."

असं म्हणतात की ते ऐकून खंडोबाच्या देवळातली घंटा आपोआप हलली. घंटेचं मला माहीत नाही. पाटील एक पाऊल मागं सरले, हे मात्र नक्की.

झुंबरबाई म्हणाली, "चिंचेखाली हाय ती. समद्यांनी जाऊन नाव घेतलं तर यील. आजच्या आज जावा. उद्या काय खरं न्हाई." एवढं बोलून ती पाटलांच्या अंगावरून वेशीबाहेर पडली आणि शिवेकडं चालू लागली. तिला कुणी अडवलं नाही.

आता इथं सगळं सरळ होतं. चिंच काही लांब नव्हती, दिवस मावळायला अवकाश होता. सगळं गाव एकत्र होतं, वाजंत्रीसुद्धा तयार होती. नुसतं चालू पडायचं होतं. पण पाटील म्हणाले, "आधी हे पुसा. दिवेलागणीच्या आत गौरी आत गेल्या पाहिजेत." आणि सगळ्यांना एकदम हायसं वाटलं. हाताला काम मिळालं. नाव घ्यायला नको, शिवेवर जायला नको, नुसतं पुसायचं.

लोकांनी पांढरी माती भिजवली, चिंध्यांची पोतेरी केली आणि भिंतींवर फिरवायला लागले. एक हात दिला की पावलं नाहीशी व्हायची. माती जरा वाळली की आतून फिक्की गुलाबी दिसायची, मग तांबडी. दुसरा हात दिला, तरी तेच. असं म्हणतात की प्रत्येक हाताला पावलं थोडी मोठी होत गेली. बघता बघता वितीएवढा पाय हातभर झाला. भिंतींवरून गेरूचं पाणी ओघळून गल्लीत आलं, गल्लीतला चिखल तांबडा झाला, आणि पुसणाऱ्यांचे तळवे त्यात बरबटले. माती संपली म्हणून लोक घरात आणायला गेले, तर त्यांच्या पायांचे तांबडे ठसे त्यांच्याच घरभर उमटले. ओसरीवर, माजघरात, देवापुढं. मग ते पुसायला लागले. ज्यानं पुसलं त्याचेच आणखी उमटले. सगळ्या गावात तांबड्या पायाचा नाही असा एक माणूस राहिला नाही, आणि बाया तशाच दारात उभ्या, गौरीनं हात अवघडलेले.

शेवटी बायजाबाईंना ते बघवेना. त्यांनी हातातली गौर छातीशी धरली आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पुरं करा. भिंतीनं काय केलंय? तुमच्यापायी तिचं बोट गेलं."

इतकी वर्षं हे सगळ्यांना माहीत होतं. चारचौघांत त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं गेलं. पाटलांच्या हातातलं पोतेरं खाली पडलं. बायजाबाई वेशीकडं निघाल्या, त्यांच्यामागं बाकीच्या बाया, बायांच्या मागं बाप्ये. सगळं गाव शिवेवर गेलं. ऊन चिंचेच्या शेंड्यावर आलं होतं.

म्हसोबाच्या दगडापाशी सगळे थांबले. समोर चिंच. चिंचेखाली झुंबरबाई बसली होती आणि तिच्या मांडीवर म्हातारीचं डोकं होतं. म्हातारी जिवंत होती. तिचे डोळे उघडे होते आणि ती गावाकडं बघत होती. हे शिवेवरच्या प्रत्येकानं बघितलं.

आता फक्त नाव घ्यायचं होतं.

पाटलांनी शेजारच्याकडं बघितलं. शेजारचा म्हणाला, "आधी तुम्ही घ्या." पाटील म्हणाले, "सगळ्यांनी मिळून घेऊ." सगळे म्हणाले, "हो, मिळूनच." पण मिळून घ्यायलासुद्धा आधी एकाचं तोंड उघडावं लागतं, आणि पहिल्या तोंडाच्या घरात दिवा लावायला कुणी उरणार नव्हता. बायका नवऱ्यांकडं बघायला लागल्या, नवरे पायांकडं. पाय तांबडे होते. बायजाबाईंनी तोंड उघडलं, आणि त्यांना सुनेची आठवण झाली. सून तेव्हा पुन्हा दिवसांत होती. त्यांनी तोंड मिटलं. 'नीघ' म्हणताना यातल्या एकाचीही जीभ अडखळली नव्हती.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. झुंबरबाई तिथूनच म्हणाली, "अरे घ्या की," एवढंच. मग डोंगराकडून भाद्रपदाची एक सर आली. अशी आली की चिंच दिसेनाशी झाली. त्या पावसात बायजाबाई ओरडल्या, "ये गं बाई, ये!" मग सगळं गाव ओरडायला लागलं, "ये! ये!" नाव तेवढं कुणी घेतलं नाही. सर गेली. चिंचेखाली कुणी नव्हतं. पेजेची वाटी पावसानं भरली होती, आणि चिखलात पावलांच्या दोन ओळी होत्या. एक चार बोटांच्या डाव्या पायाची, एक तिच्या जोडीनं चालणारी. दोन्ही नदीकडं गेलेल्या.

पुढचं ज्यानं त्यानं आपल्याला सोसेल तसं सांगितलंय. काही म्हणतात, नदीनं दोघींना वाट दिली आणि पलीकडच्या मुलखात म्हातारी पुष्कळ वर्षं जगली. काही म्हणतात, राणू धनगरानं त्याच संध्याकाळी नदीकाठी एक खड्डा खणला, झुंबरबाईनं माती लोटली आणि ती एकटीच पुढं गेली. झुंबरबाई मात्र मेली असं कुणीच म्हणत नाही. लांबच्या गावी कुठं कुणाच्या पापाचं चित्र अचानक भिंतीवर दिसलं, की आमच्याकडचे लोक म्हणतात, झुंबर येऊन गेली. आणि नाव घेतलं असतं तर म्हातारी उठून आली असती का? असं म्हणतात की आली असती. तिच्या ओठांवर हसू होतं म्हणतात. नाव आपल्या ओठांवर आलंच होतं, असंही सगळे म्हणायचे. त्या दिवशी शिवेवर असलेला प्रत्येक माणूस मरेपर्यंत हेच म्हणत राहिला.

त्या भिंती पुढं पडल्या, नव्या बांधल्या. वेशीच्या दोन तेवढ्या आम्ही पडू दिल्या नाहीत. पावसानं भिजल्या की अजून त्यांच्यात आतून तांबडं दिसतं असं म्हणतात. वेशीपाशी बारा महिने गेरूचं मडकं भरून ठेवलेलं असतं. ज्याला तोंडानं बोलता येत नाही त्यानं भिंतीवर काढावं. बाई असो, बाप्या असो, गावातला असो की गावाबाहेरचा. कधी कुणी कोरडी घागर काढतं. एका पोरीनं फुटलेली पाटी काढली होती, तिची शाळा बंद केली होती. गेल्या वर्षी सरपंच घोरताना काढले होते, शेजारी लिहिलंही होतं, आणि ते सरपंचांनाच सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचावं लागलं. रीत एवढीच आहे. आधी बघायचं, मग ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याच्या दारात जाऊन यायचं, आणि मगच पोतेरं हातात घ्यायचं. जाऊन आल्याशिवाय पुसलं तर पुसणाऱ्याच्या घरी त्या वर्षी कुणी पाणी पीत नाही.

आणि गौरीच्या दिवशी आमच्याकडं आधी बाहेर जाणारी पावलं काढतात, डाव्या पायाला चार बोटं. ती काढायचा मान विधवांचा. आत येणारी पावलं नंतर. बाया नदीवरून आल्या की घरी जात नाहीत. गौरी हातावर घेऊन सगळं गाव शिवेवर जातं. चिंच केव्हाच पडली, आता तिथं नुसतं गवत आहे. त्या गवताकडं तोंड करून आम्ही सगळे मिळून ओरडतो, "ये!" मग जरा वेळ थांबतो. लहान पोरं दर वर्षी विचारतात, कुणाला बोलावतोय आपण, तिचं नाव काय? आम्ही खाली बघतो. बायजाबाई मरताना नाव सांगू बघत होत्या म्हणतात, ओठ हलत होते, पण जवळ बसलेल्यांनी कान पुढं केला नाही. त्यानंतर ते नाव माहीत असलेलं कुणी उरलं नाही. भंडारा आम्ही फार चांगला पाळला.